सॅमसंग ए१७ की मोटो जी८६ पॉवर? साताऱ्यात आई-वडिलांसाठी फोन घेताना

पोवई नाक्यावरच्या मोबाइलच्या दुकानात "वडिलांसाठी साधासा फोन दाखवा" म्हटलं, की काउंटरवर हमखास आठ-दहा हजारांचा फोन येतो. मोठा स्क्रीन, मोठी बॅटरी, वर कव्हर फुकट. सुरुवातीचे महिने तो बरा चालतो. मग शुभ सकाळच्या चित्रांनी स्टोरेज भरतं, बँकेचं ॲप उघडता उघडत नाही, आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला वाटायला लागतं की आपलंच काहीतरी चुकतंय. फोन अडकला तर तरुण माणूस क्षणभर थांबतो. वयस्कर माणूस पुन्हा पुन्हा दाबत राहतो आणि भलत्याच ठिकाणी जाऊन पोहोचतो. म्हणून त्यांच्या फोनला रॅम (चालू ॲपं सांभाळणारी मेमरी) कमी नाही, जास्तच लागते. ६ जीबी रॅम आणि १२८ जीबी स्टोरेजच्या खाली जाऊ नये. पेन्शनर असतील तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो, त्या ॲपलाच किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज लागतं. म्हणजे अगदी स्वस्तातला फोन त्या अटीच्या काठावरच उभा असतो.

या हिशेबात सॅमसंग गॅलेक्सी ए१७ ५जी आणि मोटो जी८६ पॉवर हे दोन फोन नीट बसतात. दोन्ही २०२५ मध्ये आले. बाजारात आले तेव्हा ए१७ ची किंमत १८,९९९ रुपयांपासून होती आणि जी८६ पॉवरची १७,९९९. दोन्हींचा स्क्रीन ६.७ इंची आणि अमोलेड जातीचा, म्हणजे अंगणातल्या उन्हातही अक्षरं दिसतात. बाकी स्वभाव मात्र पार वेगळा.

मोटो दणकट आहे. ६७२० एमएएचची बॅटरी, धूळ-पाण्यापासून आयपी६८ आणि आयपी६९ दर्जाचं संरक्षण, दोन स्पीकर, चार्जर डब्यातच. ज्यांचे वडील अजून रोज रानात जातात, उसाला पाणी देतात, द्राक्षावर फवारणी करतात, त्यांच्यासाठी हाच. सांगली मार्केट यार्डातल्या हळदीच्या धुळीतही तो टिकाव धरेल. हळदीची पूड कानाजवळच्या जाळीत आणि चार्जिंगच्या खाचेत बसली की आवाज दबतो आणि पिन ढिली लागते. टाचणी न घालता कोरड्या मऊ ब्रशने ती झटकावी. फोन हातात धरून दोनदा झटकला की टॉर्च लागतो, ही सोय रात्री मोटर चालू करायला जाणाऱ्याला फार उपयोगी. पण दोन गोष्टी अडतात. अँड्रॉइडची मोठी आवृत्ती एकदाच मिळणार आणि सुरक्षा अपडेट तीन वर्षं. शिवाय बोटाचा ठसा स्क्रीनच्या आतून घेतला जातो. वय झालेल्या, त्यातून शेतात राबलेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या आणि कोरड्या असतात; असा ठसा स्क्रीनमधून सहज ओळखला जात नाही. आणि स्क्रीन फुटल्यावर गल्लीतल्या दुकानात स्वस्तातला डुप्लिकेट स्क्रीन बसवला, तर ठसा घेणं बहुधा बंदच पडतं.

ए१७ ला ५००० एमएएचची बॅटरी आहे, पुढे गोरिला ग्लास व्हिक्टस ही मजबूत काच आहे आणि ठशाचं बटण बाजूला आहे. अँड्रॉइडच्या सहा आवृत्त्या आणि सहा वर्षं सुरक्षा अपडेट मिळणार. आई-वडील फोन दर दोन वर्षांनी बदलत नाहीत, आणि बँकेची ॲपं जुन्या अँड्रॉइडवर कधीतरी चालेनाशी होतात. म्हणून हा आकडा कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा कितीतरी मोलाचा. उणिवा सरळ सांगायच्या तर स्पीकर एकच, हेडफोनची गोल खाच नाही, डब्यात चार्जर नाही. २५ वॅटचा चार्जर वेगळा घ्यावा लागतो, तो खर्च किमतीत धरूनच तुलना करा. आणि संरक्षण आयपी५४ आहे, म्हणजे धूळ आणि शिंतोडे यांपुरतंच. बादलीत पडला तर खैर नाही. तसंही पाणी गेल्याचं नुकसान वॉरंटीत सहसा धरलं जात नाही, डब्यावर आयपी काहीही लिहिलेलं असो.

घरात, देवळात, बाजारात आणि एसटीत वावरणाऱ्या आई-वडिलांसाठी आमची पसंती ए१७. याचं मोठं कारण त्यातला ईझी मोड. सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, तिथे ईझी मोड. चिन्हं आणि अक्षरं मोठी होतात, कीबोर्ड ठळक रंगाचा होतो आणि दाबून धरण्याची वेळ वाढते. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वयस्कर बोट स्क्रीनवर जरा जास्त वेळ टेकतं; फोनला वाटतं दाबून धरलंय, आणि व्हॉट्सॲपचं चिन्ह जागेवरून हलतं किंवा गायबच होतं. "फोनमधलं व्हॉट्सॲप उडालं" ही तक्रार बहुतेक वेळा एवढीच असते. त्यामुळे होम स्क्रीनच्या सेटिंगमध्ये मांडणी लॉक करून टाका.

एवढ्यावर थांबू नका. कडेवरून बोट सरकवून मागे जाण्याची पद्धत बंद करून नॅव्हिगेशन बारमध्ये तीन बटणं आणा. फोन उचलताना गोल चिन्ह सरकवणं अनेकांना जमत नाही, घाईत कॉल कापला जातो. फोन ॲपच्या सेटिंगमध्ये आवाज वाढवायच्या बटणाने कॉल उचलण्याची सोय आहे, ती चालू करा. बाजूचं बटण दोनदा दाबलं की कॅमेरा उघडतो, ते बंद करा, नाहीतर खिशात नुसतेच फोटो निघत राहतात. जाड टेम्पर्ड ग्लास बसवली असेल तर डिस्प्लेमधली टच सेन्सिटिव्हिटी चालू करा. रिंगटोन खर्जातली निवडा: वयानुसार आधी बारीक, चढे आवाज ऐकू येईनासे होतात, त्यामुळे किणकिणणारी धून शेजारच्या खोलीतून कळत नाही. अक्षर मात्र अगदी शेवटच्या मापाला नेऊ नका. एक-दोन पायऱ्या अलीकडे ठेवा, कारण काही ॲपमध्ये "पुढे जा"चं बटणच स्क्रीनबाहेर जातं. टायपिंगला जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्डमध्ये मराठी घ्या आणि माइकचं बटण दाखवून द्या. बोलून लिहिणं शिकलेली आई दुसऱ्या दिवसापासून मावशीला लांबलचक निरोप पाठवते. व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करायचं, हे सांगायलाच नको.

मोटोत अक्षराचा आणि चिन्हांचा आकार डिस्प्लेमध्ये वेगवेगळा लावावा लागतो. जमतं, पण वेळ जातो.

मेढा, बामणोली, पाटणच्या वरची गावं, कोयनेचं खोरं या पट्ट्यात राहणाऱ्यांनी फोनच्या आधी नेटवर्क बघावं. गावात ज्या कंपनीची रेंज घराच्या आत येते तिचंच सिम ठेवा. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंती आणि डोंगर ओलांडून जास्त आत शिरतात. बीएसएनएलचं ४जी आणि जिओचं ५जी याच लहरी वापरतात, तेव्हा फोनच्या माहितीत बँड २८ (४जीसाठी) आणि एन२८ (५जीसाठी) आहेत का ते तपासून घ्या. घरी वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा, निम्मा प्रश्न मिटतो. पावसाळ्यात महाबळेश्वरच्या बाजूला आणखी एक होतं: चार्जिंगच्या खाचेत ओल बसली की सॅमसंग थेंबाचं चिन्ह दाखवून चार्जिंग थांबवतो. फोन बिघडलेला नसतो. खाच खाली करून वाऱ्यावर ठेवा, चुलीजवळ किंवा हेअर ड्रायरने तापवू नका.

दुकानात आई किंवा वडिलांना सोबत न्या, त्यांचा नेहमीचा चष्मा लावून. डेमो फोनवर त्यांना स्वतः एक नंबर लावू द्या आणि रस्त्याच्या आवाजात पलीकडचं बोलणं ऐकू येतं का विचारा. पैसे देण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवर आपला पिनकोड, साताऱ्यासाठी ४१५००१, टाकून अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते बघा आणि मूळ स्क्रीन बदलायचा दर विचारून ठेवा. *#०६# लावून आलेला आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बिलावरच्या नंबरशी जुळवा. "सेटिंग करून देतो" म्हणून दुकानातला पोरगा नवीन गुगल खातं उघडून देतो, तिथे ठामपणे नको म्हणा. त्या खात्याचा पासवर्ड नंतर कुणालाच आठवत नाही, आणि फोन रीसेट झाला की तो तेच जुनं खातं मागून अडून बसतो. खातं घरी उघडा, पासवर्ड वहीत लिहा, रिकव्हरीला मुलाचा किंवा मुलीचा नंबर द्या.

फसवणुकीची वाट आजकाल लग्नपत्रिका किंवा आरटीओ चलन म्हणून व्हॉट्सॲपवर आलेल्या एपीके फाइलीतून, म्हणजे उघडताच ॲप बसवू पाहणाऱ्या फाइलीतून जाते. व्हॉट्सॲप, ब्राउझर आणि फाइल मॅनेजर या तिघांची बाहेरची ॲपं बसवण्याची परवानगी बंद ठेवा. किराणा-औषधांसाठी यूपीआय हवंच असेल तर यूपीआय सर्कल बघा: खातं मुलाचं, पैसे देणार आई, एका वेळी ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपयांची मर्यादा. बँक आणि ॲप दोन्हीकडे ही सोय असावी लागते. १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर "सायबर पोलीस" नावाने सेव्ह करून द्या. पैसे गेल्यावर पहिल्या तासाभरात फोन केला तर रक्कम वाटेतच थांबवता येण्याची शक्यता जास्त.

नवीन फोन चालू करायला महिन्याची पहिली तारीख निवडू नका. नव्या फोनवर यूपीआय सुरू केल्यावर पहिले २४ तास ५,००० रुपयांचीच मर्यादा असते, आणि नेमकं तेव्हाच गॅसचं, दवाखान्याचं, पतपेढीच्या हप्त्याचं एकदम निघतं. जुना फोन आठवडाभर चार्ज करून कपाटात ठेवा. व्हॉट्सॲपचा बॅकअप नीट उतरला आणि सगळे नंबर आले, याची खात्री झाल्यावरच तो एक्सचेंजला द्या.