तलावासाठी इलेक्ट्रिक पॉन्टून: हंगामभर वापरल्यानंतर

शांत बोट हवी म्हणून इलेक्ट्रिक पॉन्टून घेतली, म्हणजे दोन बंद नळकांड्यांवर सपाट डेक बसवलेली बोट, आणि एक गोष्ट लगेच कळली. मोटर गप्प बसली की बाकीची बोट बोलायला लागते. छताच्या कापडाची फडफड, कठड्याच्या सैल स्क्रूची खुळखुळ, आणि दोन नळकांड्यांच्या मधल्या जागेतून येऊन डेकला खालून थडाथड आपटणाऱ्या लाटा. पेट्रोल इंजिनापुढे यातलं काहीच ऐकू येत नाही. स्क्रूंना रबरी वॉशर घातले, कापड ताणून बांधलं. लाटांचं मात्र नंतर काही करणं अवघड, म्हणून घेतानाच वाकून बघा: डेकखाली सलग अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मारलेला असला तर आडव्या पट्ट्यांवर पाणी आपटत नाही. मोटर शक्यतो गिअर नसलेली घ्या. गिअरवालीची बारीक शिट्टी तासाभरात डोक्यात जाते.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, 48 व्होल्ट, 200 अँपिअर-अवर, म्हणजे जेमतेम 10 युनिट वीज. ताशी 6 किलोमीटरला साधारण 1 किलोवॅट लागतो, त्यामुळे दिवसभर आरामात फिरता येतं. ताशी 10 ला तोच आकडा साडेचारच्या आसपास जातो आणि दोन तासांत खेळ आटोपतो. पाण्यात वेग दुप्पट करायचा तर ताकद साधारण आठपट लागते, त्यामुळे ‘उशीर झालाय, जरा दामटू’ हे इथे चालत नाही. किलोवॅटच्या आकड्याचा आणखी एक उपयोग: वेग तोच आणि आकडा हळूहळू चढतोय, म्हणजे प्रोपेलरला पाणवेल गुंडाळलीय. क्षणभर उलटं फिरवलं की बहुतेक वेळा सुटते.

बसायला-उठायला बोट उत्तम. म्हातारी माणसंही उभी राहून इकडून तिकडे जातात, फारशी डुलत नाही.

खरा त्रास वाऱ्याचा. बोट पाण्यात जेमतेम बुडते, वर मात्र कठडा आणि छत, त्यामुळे जरा वारा सुटला की नाक आडवं वळतं. धक्क्याला लागताना तर वैताग येतो. मोटर बंद केली की वळवणंही संपलं, कारण वेगळं सुकाणू नाही. मी आधी छत मिटतो, वाऱ्याच्या तोंडावर येतो आणि शेवटपर्यंत थोडी मोटर चालू ठेवतो.

तलाव मोठा आणि उघडा असेल तर लांब, अरुंद, बुडाला खोल बोट बघा. वारा कमी लागतो, वीजही कमी खाते. मात्र तिच्यात सगळे एका कडेला गेले की ती कलते.