गोठवण्याआधीचा लेझर की वितळवल्यानंतरचा?

टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात गोठवलेल्या भ्रूणासाठी प्रयोगशाळेत लेझर दोन वेगळ्या टप्प्यांवर वापरतात. यंत्र तेच, साधारण 1480 नॅनोमीटरचं अवरक्त लेझर. हेतू मात्र पार निराळे.

पहिला वापर गोठवण्याआधीचा. पाच-सहा दिवसांच्या भ्रूणात, म्हणजे ब्लास्टोसिस्टमध्ये, पाण्याने भरलेली पोकळी असते. उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये जाताना या पाण्याचे स्फटिक झाले, तर पेशी फाटतात. म्हणून भ्रूणतज्ज्ञ बाळ ज्या पेशींपासून घडतं त्या पुंजक्यापासून लांब, बाहेरच्या दोन पेशींच्या सांध्यावर क्षणभराचा झोत सोडतात. काही मिनिटांत पोकळी रिकामी होते, भ्रूण आक्रसतं आणि गोठणरोधक द्रव आत नीट पोचतो.

दुसरा वापर वितळवल्यानंतरचा, असिस्टेड हॅचिंग, म्हणजे भ्रूणाला कवचातून बाहेर पडायला मदत करणं. भ्रूणाचं बाहेरचं कवच गोठवण्यामुळे कडक होतं, असं मानलं जातं. म्हणून त्याला छेद देतात किंवा ते पातळ करतात.

मला पहिल्याचा तर्क जास्त पटतो, कारण तो थेट भ्रूण जगण्याशी जोडलेला आहे. अर्थात, जगलेलं प्रत्येक भ्रूण रुजतंच असं नाही. हॅचिंगने गर्भधारणा थोडी वाढल्याचे संकेत असले, तरी जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाण वाढल्याचा भक्कम पुरावा नाही. शिवाय एकाच भ्रूणातून जुळी होण्याची जोखीम किंचित वाढू शकते. अमेरिकेतली प्रजननतज्ज्ञांची संस्था एएसआरएम हॅचिंग सरसकट करायला सांगत नाही. आधीच थकलेल्या जोडप्यापुढे हॅचिंग ठेवताना हे स्पष्ट सांगितलंच पाहिजे.