जुना कूलर नीट करावा की एसी घ्यावा? विदर्भातल्या गावच्या घरासाठी तुलना

होळी झाली की पडवीत पोत्याखाली झाकून ठेवलेला लोखंडी कूलर बाहेर निघतो आणि त्याच्या गंजलेल्या तळाकडे पाहून दरवर्षी एकच प्रश्न पडतो की, यावर पुन्हा खर्च करावा की यंदा एसीच बसवावा. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्यापासून हा प्रश्न गावातल्या अधिक घरांमध्ये विचारला जाऊ लागला आहे. त्याचे उत्तर मात्र किमतीपेक्षा घराचे छप्पर, पाणी आणि विजेचा दाब या तीन गोष्टींवर जास्त अवलंबून आहे, असे माझे मत आहे.

दोन्ही यंत्रे काम कसे करतात, हे आधी पाहू. कूलरमध्ये ओल्या ताट्यांतून, म्हणजे बाजूंच्या पॅडमधून, हवा ओढली जाते, पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतून निघून जाते. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते, म्हणजे तासाला दहा लिटर पाणी उडवणारा कूलर दीड टनाच्या एसीपेक्षा कमी उष्णता ओढत नाही, आणि तेही २०० ते २५० वॉट विजेवर. मे महिन्यात बाहेर ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या ताट्यांच्या कूलरमधून २८ अंशांच्या आसपासची हवा मिळते. एसीचे गणित याच्या उलट आहे. त्याची क्षमता बाहेरचे तापमान ३५ अंश धरून मोजलेली असते, आणि नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या, दुपारी पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर बसवलेल्या आउटडोअर युनिटला त्याहून कितीतरी गरम हवेत उष्णता सोडावी लागत असल्यामुळे गारवा घटतो आणि वीज मात्र वाढते. थोडक्यात, विदर्भाचा कोरडा उन्हाळा कूलरला मानवतो आणि एसीला दमवतो.

जूनच्या मध्यावर पाऊस आला की पारडे फिरते. बाहेर ३४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असताना कूलर जेमतेम चार अंशांचा फरक पाडतो आणि खोली दमट करतो. अशा दिवसांत पाण्याचा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवणे बरे. धानाच्या पट्ट्यात, म्हणजे गोंदिया-भंडाऱ्याकडे, हे दमट दिवस अधिक जाचक होतात आणि तेथे एसीची बाजू अकोला-वाशीमपेक्षा थोडी अधिक भक्कम आहे.

आता छप्पर. कवेलूच्या किंवा टिनाच्या घरात, जेथे आढ्यापाशी हवा मोकळी खेळते, तेथे एसी बसवणे म्हणजे गळक्या माठात पाणी भरणे आहे. कूलरला मात्र हवा बाहेर जायला वाट लागतेच, त्यामुळे अशी घरे त्याला सोयीची पडतात. स्लॅबच्या घरात एक खोली नीट बंद करता येत असेल, तरच एसीचा विचार करावा, आणि त्याआधी गच्चीला पांढरा चुना किंवा उष्णता परावर्तित करणारा रंग द्यावा, कारण तो खर्च दोन्ही यंत्रांच्या कामी येतो.

पाण्याचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. मोठा कूलर दिवसभर चालला तर शंभर ते दीडशे लिटर पाणी पितो, आणि ज्या गावात मे महिन्यात नळ आठवड्यातून एकदा येतो, तेथे हे पाणी घरातल्या बाईला डोक्यावरून आणावे लागते. हा खर्च वीजबिलात दिसत नाही, म्हणून तो मोजलाच जात नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात आणखी एक अडचण आहे. बोअरच्या पाण्यातील क्षार हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारख्या जाळीच्या) पॅडच्या बारीक भोकांत साचून ते एक-दोन हंगामांतच दगडासारखे होतात. तेथे महाग हनीकोंबऐवजी दरवर्षी वूडवूलच्या (लाकडाच्या बारीक तंतूंच्या) स्वस्त ताट्या बदलणे शहाणपणाचे आहे. गोड पाण्याच्या गावात मात्र हनीकोंब नीट ठेवल्यास काही हंगाम टिकतात आणि गारवाही अधिक देतात. दोन्हीकडे टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून तळ घासून कोरडा करावा, कारण डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो.

विजेच्या बाजूने पाहिले तर दहा तासांना कूलर दोन ते अडीच युनिट घेतो, तर दीड टनाचा इन्व्हर्टर एसी उन्हाळ्यात आठ-दहा युनिट सहज घेतो. महिन्याला अडीचशे-तीनशे युनिट वाढले की घरगुती ग्राहक १०० युनिटांच्या स्वस्त टप्प्यातून थेट महाग टप्प्यात जातो, म्हणजे बिल युनिटांच्या प्रमाणापेक्षाही अधिक वाढते. भारनियमनात कूलर घरच्या साध्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर चालतो, एसी चालत नाही. संध्याकाळी डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) भार येऊन दाब उतरत असेल, तर एसीसाठी स्टॅबिलायझर आणि मंजूर भार वाढवून घेणे हा खर्चही किमतीत धरावा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या छतावरील सौर संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते. असा संच बसवणार असाल, तर दिवसा एसी चालवण्याचा हिशेब बराच बदलतो.

हिवाळ्यासाठी मात्र वेगळा हीटर किंवा गरम-थंड एसी घेण्याचे कारण मला दिसत नाही, कारण कडाक्याचे दिवस मोजकेच असतात. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नये, एवढे पाळावे, कारण तिचा विषारी वायू वासाने कळत नाही.

माझा निर्णय असा आहे. कूलरचा सांगाडा मजबूत असेल, तर नवा पंप, नव्या ताट्या, मोटरच्या बुशिंगला तेल आणि तळाला रंग एवढ्यावर तो आणखी काही वर्षे चालवावा. घरात हृदयरोगी, तान्हे बाळ किंवा अंथरुणाला खिळलेले वृद्ध असतील आणि पाण्याची टंचाई असेल, तर त्यांच्या एका खोलीपुरता पाच तारांकित एसी घ्यावा आणि तो २४ ते २६ अंशांवर पंख्यासोबत चालवावा. सोयाबीन आणि तुरीच्या मळणीची धूळ फिल्टरमध्ये बसलेली असते, म्हणून मार्चमध्ये सर्व्हिसिंग करून घ्यावे आणि हंगामात दर पंधरा दिवसांनी फिल्टर धुवावा. दरवर्षी गॅस भरावा लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे, कारण गॅस वापरून संपत नाही. गळती शोधल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

यंत्र कोणतेही निवडले, तरी आधी घराचे अर्थिंग तपासून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावा. लोखंडी कूलरच्या अंगात वीज उतरून जीव जाण्याच्या घटना आपल्याकडे दर उन्हाळ्यात घडतात, त्यात पाणी भरणारी लेकरेही असतात, म्हणून प्लग काढल्याशिवाय कूलरला हात लावायचा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे.