वेलोमोबाइलचा रोजचा वापर: कवच उत्तम, टोपाची काच नको

माझ्या वेलोमोबाइलच्या, म्हणजे कवच असलेल्या तीनचाकी सायकलीच्या, वरच्या टोपाच्या काचेवर वाफ धरते. या तक्रारीवर उत्पादकाच्या सेवा विभागाचे दुसरे उत्तर आले. काचेवर वाफ धरणे हा या प्रकारच्या वाहनाचा स्वभावच आहे, असे त्यात पहिल्या उत्तराप्रमाणेच लिहिले होते. ते वाचून हा अनुभव सविस्तर लिहिण्याचे ठरवले. वाहन घेऊन वर्ष होत आले आहे, आणि कामावर जाण्यायेण्यात त्याने ऊन, पाऊस आणि कडाक्याची थंडी असे सगळे पाहिले आहे. पुढे दोन चाके, मागे एक, रेलून बसायचे, पाय पुढे ताणून पायडल मारायचे आणि भोवती हलके कवच, ही रचना वाचकांना ठाऊक आहे असे धरून चालतो.

वाहनाचे जे श्रेय आहे ते आधी देतो. ज्या श्रमात साध्या सायकलीवर ताशी 25 किलोमीटर मिळत, त्याच श्रमात सपाट रस्त्यावर यात 35 ते 40 मिळतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. सरळ बसलेल्या सायकलस्वाराचे प्रभावी विरोध-क्षेत्र (समोरचे क्षेत्रफळ आणि आकार यांचे एकत्रित माप) अर्ध्या चौरस मीटरच्या आसपास असते, तर चांगल्या वेलोमोबाइलचे 0.1 चौरस मीटरच्याही खाली जाते. हा फरक समजायला गणित लागत नाही, पायांना तो पहिल्याच दिवशी कळतो. मनगटे, मान आणि बैठक यांची जुनी दुखणी पूर्ण थांबली. चेन कवचाच्या आत असल्यामुळे तिला चिखल आणि पाणी लागत नाही. पूर्वीच्या सायकलीवर पावसाळा संपेपर्यंत चेन आणि तिच्यामागोमाग दातेरी चक्रे बदलावी लागत. या वाहनाची चेन मापकाने तपासली तर अजून ताणलेली दिसत नाही. जो माणूस सुटे भाग पुरते झिजल्याखेरीज टाकत नाही, त्याच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे.

चढावर मात्र वाहनाचे सुमारे 30 किलो वजन जाणवते. ताशी दहा किलोमीटरच्या खाली कवचाचा काहीच फायदा नसतो, आणि साध्या सायकलीवरचा माणूस आरामात पुढे निघून जातो. हे घेण्याआधीच माहीत होते, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही.

आता टोपाकडे येतो, कारण खरा वाद त्याचाच आहे. कवचाच्या वरच्या उघड्या भागातून चालकाचे डोके बाहेर राहते. तो भाग झाकणारा, पॉलिकार्बोनेटची वक्र काच लावलेला टोप वेगळा मिळतो, आणि पावसात कोरडे राहता यावे म्हणून तो मी वाहनाबरोबरच घेतला. पायडलवर 150 वॅट शक्ती मिळवायची तर शरीराला त्याच्या चौपट-पाचपट ऊर्जा खर्च करावी लागते, कारण स्नायूंची कार्यक्षमता साधारण 20 ते 25 टक्केच असते. उरलेले 450 ते 600 वॅट उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतात, शरीर ती घामाने घालवते, आणि ती सगळी ओल, श्वासातल्या बाष्पासकट, त्या बंद टोपाखाली गोळा होते. बाहेरून पावसाने थंड पडलेली काच आणि आतून ही दमट हवा एकत्र आल्यावर काचेवर वाफ धरणारच, हे मला मान्य आहे. पण त्या हवेला बाहेर पडायला पुरेशी वाट ठेवणे हे उत्पादकाचे काम आहे, आणि ते झालेले नाही.

वेगात असताना नाकाडाच्या, म्हणजे कवचाच्या पुढच्या टोकाच्या, भोकातून आलेली हवा पायांवरून आणि छातीवरून वर येते, काचेच्या कडेने बाहेर पडते आणि काच स्वच्छ राहते. सिग्नलला थांबले किंवा चढ लागला की हा प्रवाह तुटतो, आणि नेमके तेव्हाच शरीर सर्वांत जास्त तापलेले असते. वाफ प्रथम खालच्या कडेला, हनुवटीच्या उंचीवर, कमानीच्या आकारात धरते आणि सिग्नल सुटेपर्यंत डोळ्यांपर्यंत चढते. त्याच वेळी समोरून एखादे वाहन आले तर त्याच्या दिव्याचा प्रकाश प्रत्येक थेंबात फुटतो. रस्त्याची कड, खड्डा, पायी चालणारा माणूस, सगळे एका पांढऱ्या पडद्यामागे जाते. पुसावे तर हात नीट पोचत नाही, पुसलेल्या जागी ओघळ राहतात, आणि हातमोज्याच्या घासण्याने आतल्या बाजूला पडलेले बारीक ओरखडे आता काच कोरडी असतानाही दिव्यांच्या प्रकाशात चमकतात. रोज याच रस्त्याने जाणाऱ्या माणसाला हा दोष किरकोळ आहे असे सांगणे मला अजिबात पटत नाही.

सेवा विभागाने प्रथम नाकाडाचे भोक पूर्ण उघडे ठेवण्याचा सल्ला दिला. ते उघडेच होते. मग वाफरोधक फवारा वापरायला सांगितले. अल्कोहोल किंवा अमोनिया असलेल्या द्रावणांनी पॉलिकार्बोनेटला केसासारख्या भेगा पडू शकतात, त्यामुळे त्या फवाऱ्यातले घटक लेखी विचारले. त्याचे उत्तर आजतागायत आलेले नाही. भांड्यांच्या साबणाचा पातळ थर देऊन पाहिला. त्याने पाण्याचे थेंब न होता सलग पापुद्रा होतो आणि काही दिवस बरे दिसते, पण दमट हवेत तो थर लवकर धुऊन जातो. मोटारसायकलच्या हेल्मेटमध्ये असते तशी दुपदरी काच हा खरा उपाय आहे. दोन पदरांमधल्या कोंडलेल्या हवेमुळे आतला पृष्ठभाग थंड पडत नाही, त्यामुळे त्यावर वाफ धरण्याचे कारणच बरेचसे उरत नाही. तसा पदर बसवण्यासाठी काचेला दोन भोके पाडावी लागतात, आणि भोके पाडल्यास टोपाची हमी रद्द होईल, असे तत्परतेने कळवण्यात आले. ज्या टोपाचा दोष ते दूर करत नाहीत, त्याची हमी राखण्यासाठी मी तो दोष सोसत बसावे, हा व्यवहार मला अन्यायाचा वाटतो.

या वाहनांची घडण मुख्यतः वेगाच्या ध्यासातून होत आली आहे, हे यामागचे कारण असावे असे मला वाटते. वेगासाठी काचेचा प्रश्न किती टोकाला जाऊन सोडवतात, याचे उदाहरण ईटा नावाचे वाहन आहे. 2016 मध्ये अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील बॅटल माउंटन येथे टॉड रायकर्ट यांनी या पूर्ण बंदिस्त, पायडलच्या वाहनात ताशी 144.17 किलोमीटरचा वेग गाठला. त्याला समोर काचच नव्हती. कॅमेऱ्याने टिपलेला रस्ता चालक आतल्या पडद्यावर पाहत होता. मोकळ्या सरळ रस्त्यावर ते शोभते. रोजच्या वाहतुकीत चालकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे लागते, आणि टोपाचा आकार ठरवताना त्याला अग्रक्रम मिळायला हवा.

इथवरचा मजकूर पहिल्या काही महिन्यांच्या अनुभवावर आहे, आणि तेवढ्यावरच थांबलो असतो तर हे वाहन घेऊ नका असे लिहिले असते. थंडी ओसरल्यावर टोप काढून ठेवला आणि वर फोमचे मऊ आच्छादन लावले, ज्यातून फक्त डोके आणि मान बाहेर राहते. तेव्हापासून या वाहनाबद्दलचे मत बदलत गेले. पावसात डोक्यावर पुढे चोच असलेली टोपी आणि तिच्यावर हेल्मेट एवढे पुरते. चेहरा भिजतो, बाकी अंग कोरडे राहते. वेग थोडा कमी होतो, पण दोन्ही बाजूंचे स्पष्ट दिसते, मागून येणाऱ्या वाहनाचा आवाज ऐकू येतो, आणि शेजारच्या मोटारचालकाला एक माणूस दिसतो. इतक्या बुटक्या वाहनात बसलेल्याला हा शेवटचा लाभ फार मोलाचा आहे. घामही कमी येतो, कारण वाहणाऱ्या हवेला आता खरी वाट मिळाली आहे.

बाकीचे थोडक्यात सांगतो. खडबडीत रस्त्यावर कवच ढोलासारखे घुमते. तळाला आतून फोमच्या पट्ट्या चिकटवल्यावर आवाज बराच उतरला. वळायला रुंद रस्ता लागतो, त्यामुळे अरुंद जागेत उतरून मागचे टोक उचलून फिरवणे सोपे जाते. पुढची चाके एकाच बाजूने आसाला धरलेली असल्यामुळे पंक्चर झाले तर चाक न काढता टायर उतरवता येतो. लांब उतारावर ड्रम ब्रेक तापून त्यांची पकड मंदावते, म्हणून उताराच्या सुरुवातीपासूनच वेग आटोक्यात ठेवावा. झोताने येणारा आडवा वारा वाहनाला बाजूला ढकलतो. अशा वेळी स्टिअरिंग घट्ट आवळण्याऐवजी सैल धरल्यास ते लवकर सरळ होते.

टोपाच्या काचेबद्दलची तिसरी तक्रार पाठवली असून तिच्यात फक्त एकच मागणी आहे: दुपदरी काच हमीसह बसवून द्या, नाहीतर टोप परत घ्या. जे नव्याने मागणी नोंदवणार आहेत त्यांनी वाहन जरूर घ्यावे, टोप मात्र यादीतून काढायला लावावा आणि ती रक्कम मऊ आच्छादन, चांगला पुढचा दिवा आणि दोन्ही बाजूंचे मोठे आरसे यांवर खर्च करावी. टोप हवाच असेल तर वाहनात बसून, पाय जोरात चालवून घाम आल्यावर, जागच्या जागी थांबून काच पाहावी, आणि नंतरच पैसे भरावेत.