सगळ्या ट्यूब बदलल्या, बिघाड मात्र नळाच्या मिक्सरमध्ये होता

सौर वॉटर हीटरच्या दुरुस्तीत ग्राहकाला फसवणे सोपे जाते, कारण यंत्र गच्चीवर असते, आत काय चालले आहे ते दिसत नाही आणि गरम पाणी बंद झाले की घरातल्या सर्वांनाच घाई झालेली असते. आमच्याकडे आलेल्या दुरुस्तीवाल्याने याचा पुरेपूर फायदा घेतला.

तक्रार एवढीच होती की, ऊन चांगले असूनही नळाला कोमट पाणी येत होते. त्याने गच्चीवर जाऊन पाणी तापवणाऱ्या काचेच्या ट्यूबवर हात फिरवला आणि ‘सगळ्यांचा व्हॅक्यूम गेला आहे, पूर्ण संच बदलावा लागेल’ असे सांगितले. टाकीतले पाणी किती तापले आहे, हे त्याने पाहिलेच नाही. वास्तविक भर दुपारी टाकीच्या तोंडाशी पाणी कडकडीत असेल आणि न्हाणीघरात तेच कोमट येत असेल, तर ट्यूबना दोष देण्याचे कारणच उरत नाही.

ट्यूबचा व्हॅक्यूम गेला आहे की नाही, हे तिच्या बंद टोकाकडे पाहून कुणालाही ओळखता येते. दोन काचांमधल्या निर्वात पोकळीत बेरियमचा चंदेरी थर असतो आणि हवा आत शिरली की तो पांढुरका पडतो. शिवाय अशी ट्यूब उन्हात बाहेरूनही तापते, तर चांगली ट्यूब आतले पाणी उकळत असतानाही हाताला फारशी गरम लागत नाही. आमच्या जुन्या ट्यूब ‘कंपनीत जमा कराव्या लागतात’ म्हणून तो सोबत घेऊन गेला; त्याआधी घरात सहज काढलेल्या फोटोत त्यांची टोके लख्ख चंदेरी दिसतात. त्या पुढे दुसऱ्या कुणाच्या गच्चीवर नव्या म्हणून बसल्या असतील, असा माझा दाट संशय आहे.

जाताना त्याने न्हाणीघरातल्या मिक्सरच्या, म्हणजे गरम आणि थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळाच्या, दोन्ही चाव्या स्वतः घट्ट बंद केल्या. त्यामुळे काही दिवस पाणी गरम आले आणि दुरुस्ती झाल्यासारखे वाटले. हँड शॉवरच्या तोंडाशी पाणी थांबवून मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या ठेवल्या, तर जास्त दाबाचे थंड पाणी गरम पाण्याच्या पाइपात शिरते आणि टाकीपर्यंत उलटे जाते. थंड लाइनवर प्रेशर पंप असेल तर पंप सुरू होताच गच्चीवरच्या व्हेंट पाइपातून (टाकीतली हवा बाहेर जाण्याच्या उघड्या पाइपातून) पाणी सांडू लागते. आमच्याकडे ते सांडत होते. त्याने ते पाहिले होते आणि ‘टाकी जास्त भरते’ म्हणून उडवून लावले होते.

तक्रार पुन्हा आल्यावर त्याने क्षार साचल्याचे कारण काढले आणि टाकीत ॲसिड ओतले. जड पाण्याने क्षार साचतात हे खरे, पण हायड्रोक्लोरिक ॲसिड स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पाडते. क्षार काढायला सायट्रिक किंवा सल्फॅमिक ॲसिड वापरतात. आमच्या टाकीला वेल्डिंगच्या जोडाशी गळती लागली, तिच्याभोवतीचा फोम भिजला आणि उष्णता टिकेनाशी झाली. त्यावर त्याने बाहेरच्या पत्र्याला सीलंट फासले, ज्याचा आतल्या छिद्राशी काहीही संबंध नव्हता, आणि मग नव्या टाकीचा भाव सांगितला.

खरा दोष नळाच्या कामासाठी आलेल्या एका प्लंबरने दाखवला. त्याने सोलरला जाणारा थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून गरम नळ उघडला. पाइपातले पाणी संपून धार थांबायला हवी होती. ती थांबेना, कारण मिक्सरमधून थंड पाणी येतच होते. मिक्सरचे झिजलेले कार्ट्रिज (आतला पाणी उघडबंद करणारा भाग) बदलून गरम लाइनवर पाणी उलटे जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवल्यावर पाणी सुरळीत गरम येऊ लागले, पण गळकी टाकी बदलावीच लागली. दुरुस्तीवाल्याच्या पावतीवर ‘सोलर सर्व्हिस’ एवढेच लिहिलेले आहे. ट्यूब, ॲसिड, सीलंट यांपैकी कशाचाही उल्लेख नाही आणि याच त्रुटीवर बोट ठेवून तो आता सगळे नाकारतो.