चाकातून मधूनच आवाज येतोय: बेअरिंग बदलू, ब्रेक उघडू की आधी शाफ्टचा क्रॉस बघू?

पिकअपच्या चाकातून मधूनच आवाज येतो आणि गॅरेजला नेली की गाडी एकदम गरीब गाय, असं ज्याचं चाललंय त्याच्यासाठी लिहितोय. माझी गाडी निफाडकडून वाशी मार्केटला माल घेऊन जाते. मागच्या डाव्या बाजूने कुईकुई सुरू झाली, मिस्त्रीने उभ्या उभ्या बेअरिंग सांगितलं, मी पण मान डोलावली, मागचं बेअरिंग म्हणजे अ‍ॅक्सल बाहेर काढा, प्रेसवर न्या, अख्खा दिवस गेला आणि आवाज आपला जिथल्या तिथे.

तर बेअरिंगचा आवाज कुईकुई नसतोच शक्यतो. घरघर असते, लांबून विमान जातंय तशी, 40-50 च्या पुढे स्पीडबरोबर वाढत जाते आणि न्यूट्रल टाकून गाडी सोडली तरी चालूच राहते. मधूनच येतो म्हणजे बहुतेक वळणावर येतो. कसारा घाटात नीट कान दिला तर कळतं, उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकांवर जातं, तेव्हा आवाज वाढला तर डावं बेअरिंग संशयित, उलट असेल तर उजवं. पुढच्या चाकाला अजून एक बघता येतं, जॅक लावून खाली स्टँड ठेवा, चाक वर-खाली धरून हलवा, प्ले म्हणजे ढिलाई लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा, प्ले गेला तर बेअरिंग, तरी हलतंय तर बॉल जॉइंट बघा. डावी-उजवीकडे धरून हलतंय तर टाय रॉडचा एंड पण असू शकतो. जुन्या टाइपचं टेपर बेअरिंग असेल तर कधी कधी नुसतं नट अ‍ॅडजस्ट करून आणि ग्रीस भरून भागतं, सील पॅक हब असेल तर बदलण्याशिवाय इलाज नाही.

टायरवाली घरघर मात्र भल्याभल्यांना फसवते, बेअरिंगसारखीच वाटते. फरक एवढाच की डांबरावरून काँक्रीटवर गेलं की टायरचा आवाज लगेच बदलतो, बेअरिंगला रस्त्याचं काही पडलेलं नसतं. टायरवरून हात फिरवा, एकीकडून गुळगुळीत आणि उलटा फिरवला की करवतीसारखा लागला तर अलाइनमेंटला जा. अजून शंका असेल तर पुढचे टायर मागे टाका, आवाज पण मागे गेला म्हणजे विषय संपला.

ब्रेकचं सोपं आहे. आवाज चालू असताना पेडल हलकं दाबा, बदलला किंवा बंद झाला तर आधी ब्रेकच उघडा, पॅड संपत आले असतील. शेतातून निघाल्यावर एकदम खर्रर्र सुरू झालं तर डिस्क आणि मागच्या पत्र्यामध्ये खडा अडकलेला असतो, कधी कधी चार फूट रिव्हर्स घेतली तरी पडतो. रात्रभर पावसात उभ्या गाडीची सकाळची खरखर दोन-तीन ब्रेकमध्ये गेली तर तो गंज, सोडून द्या.

आणि माझं निघालं ते हे, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचा वळणारा सांधा. 20-30 च्या स्पीडला कुईकुईकुई, पुढे गेलं की इंजिनच्या आवाजात गायब, म्हणून मधूनच वाटायचं. वाटतं चाकातून येतंय कारण चेसिसमधून आवाज कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. मी टायरवर खडूने रेघ मारली, पोराला हळू चालवायला लावली आणि बाजूने चालत मोजलं, चाकाच्या एका फेरीत आवाज चारदा. तिथेच पकडलं, कारण डिफरन्शियलमुळे चाक एकदा फिरेपर्यंत शाफ्ट चारेक वेळा फिरतो. चाकातली वस्तू असती तर आवाज साधारण फेरीला एकदा आला असता. दुसरी खूण म्हणजे पहिल्यावरून रिव्हर्स टाकून क्लच सोडला की टक्‌ होतं. क्रॉसला ग्रीस भरायचं निप्पल असेल तर आधी ग्रीस मारून बघा, त्याच्या टोकांवरच्या कपातून गंजाची लाल पावडर दिसली तर मात्र क्रॉस गेलाच.

मग आधी काय करायचं? पहिलं व्हील नट, पाच मिनिटं लागतात, ढिला निघाला तर बाकी सगळं बाजूला ठेवा. मग क्लच, ब्रेक आणि वळण या तिन्हीचं रस्त्यावर बघा, खर्च शून्य. घरघर वळणावर वाढतेय आणि प्ले पण आहे तर मात्र लोड टाकून वाशी करू नका, आजच बेअरिंग करा. मागच्या ड्रममधून तेल झिरपतंय तरी तेच, सील गेलेलं असतं आणि लायनर तेलाने भिजले की ब्रेक लागत नाही. क्रॉसची कुईकुई असेल तर एक-दोन दिवस चालेल, पण शाफ्टला हाताने धरून ढिलाई लागली तर तिथेच थांबा. आणि शाफ्ट खोलायच्या आधी दोन्ही फ्लँजवर, म्हणजे बोल्टने जोडलेल्या तबकड्यांवर, खूण मारायला सांगा, जशी होती तशीच बसली पाहिजे, नाहीतर आवाज जाऊन व्हायब्रेशन घेऊन घरी याल.