नाशिकच्या महागड्या हॉटेलात वर्षभर येऊन-जाऊन राहिल्यावर: काय मिळतं आणि काय मागून घ्यावं लागतं

सातपूर आणि अंबडमधल्या काही पुरवठादारांचं क्वालिटी ऑडिट माझ्याकडे आलं, तेव्हापासून महिन्यातले बरेच दिवस माझा मुक्काम नाशिकलाच असतो. पुण्याहून सिन्नरमार्गे यायचं, दोन-तीन रात्री राहायचं आणि परतायचं, असं आता वर्ष होत आलं. कंपनीने मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या एका साखळी हॉटेलशी दर ठरवून घेतलाय. त्याचं नाव देत नाही. मधूनमधून ते भरलेलं असलं की शहरातल्या त्याच दर्जाच्या इतर ठिकाणीही राहिले, आणि खाली लिहिलेलं जवळपास सगळं तिथेही तसंच होतं.

लग्नासाठी, त्र्यंबकच्या दर्शनासाठी किंवा ऑफिसच्या कामाने कुणी एका रात्रीचे सात-आठ हजार मोजून राहणार असेल, तर माझं पहिलं सांगणं एकच: संकोच सोडून मागा. आपल्याकडची माणसं चकचकीत लॉबीत शिरली की त्यांचा आवाज खाली येतो. खोलीला कुबट वास येतो, पाणी कोमटच येतं, उशी मानेला टोचते, तरी “जाऊ दे, एक रात्र तर काढायचीय” म्हणून सोडून देतात. भाड्यात नुसती गादी आणि एसी नसतो. रात्री दोन वाजता फोन उचलणारा माणूस, दुरुस्तीवाला, जादा पांघरूण, खोली बदलून मिळण्याची सोय, हे सगळं त्यात धरलेलं असतं. न मागणाऱ्यालाही तेवढेच पैसे पडतात.

ताऱ्यांचं थोडक्यात सांगते. आपल्याकडे हॉटेलांना तारे देण्याचं काम केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची समिती करते. अर्ज करणं हॉटेलच्या मर्जीवर असतं आणि मिळालेला दर्जा पाच वर्षांपुरता असतो. बुकिंगच्या अ‍ॅपवर दिसणारे तारे सरकारी असतीलच असं नाही. म्हणून मी ताऱ्यांपेक्षा गेल्या दोन-तीन महिन्यांतली परीक्षणं वाचते, त्यातही आवाज, पाणी आणि बिल यांबद्दल लोक काय म्हणतात तेवढंच.

खरा फरक पडतो तो खोलीच्या बाजूने. महामार्गाकडची खोली दिवसा फार छान वाटते, पावसाळ्यात तर पांडवलेण्यांच्या बाजूचे हिरवे डोंगर बघत बसावं. पण रात्री त्याच रस्त्यावरून मालाचे ट्रक जात राहतात. काच दुहेरी असेल तर हॉर्न बोथट होतो, पण उड्डाणपुलाच्या सांध्यांवरून जाणाऱ्या चाकांची धडधड येतच राहते. मागची बाजू शांत असते, पण मागे लॉन असेल तर लग्नसराईत तीही हातची जाते. बँक्वेट हॉलच्या बरोबर वरचा मजला सगळ्यात वाईट. गाणं ऐकू येत नाही, नुसता ठोका येतो, आणि तो भिंतीतून पलंगापर्यंत पोचतो. लिफ्टशेजारची आणि बर्फाच्या मशीनजवळची खोलीही नको म्हणून सांगावं.

एकदा मे महिन्यात मला अशीच हॉलवरची खोली मिळाली. सकाळी साडेसहाला कारखान्यात पोचायचं होतं आणि साडेदहा वाजून गेले तरी खाली डीजे चालूच. रिसेप्शनवरचा मुलगा “मॅडम, पाचच मिनिटं” म्हणत राहिला. शेवटी मी त्याला शांतपणे सांगितलं की, रात्री दहानंतर आवाजाला 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांची मर्यादा आहे, हे तुम्हालाही माहीत आहे, बंद होत नसेल तर मला खोली बदलून द्या, नाहीतर मी 112 ला फोन करते. ड्युटी मॅनेजर स्वतः वर आले आणि दहा मिनिटांत मला सहाव्या मजल्यावर मागच्या बाजूला हलवलं. मला राग आला तो आवाजापेक्षा एका गोष्टीचा: हॉलचं बुकिंग त्यांच्या रजिस्टरात महिन्यांपूर्वीपासून होतं, चेक-इन करताना एका वाक्यात सांगता आलं असतं. तेव्हापासून मी अ‍ॅपवर बुकिंग झालं की थेट हॉटेलला फोन लावते आणि विचारते, “त्या तारखांना तुमच्याकडे लग्न आहे का?” प्रश्न सरळ विचारला की उत्तरही सरळ मिळतं. कॅलेंडरात मुहूर्त बघून ठेवलेत तर आणखी बरं.

आता थंडी. हे नाशिकला येणाऱ्या मुंबईकरांना मुद्दाम सांगते. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा दहाच्या खाली जातो आणि सगळ्यांना वाटतं, एसीचा आकडा 28 वर नेला की खोली गरम होईल. बऱ्याच मोठ्या हॉटेलांत एसी म्हणजे सगळ्या इमारतीला थंड पाणी फिरवणारी एकच यंत्रणा असते, छतातल्या पंख्यामागच्या नळ्यांतून ते पाणी जातं आणि त्यावरून हवा येते. नळ्यांची एकच जोडी असेल, तर एका वेळी सगळ्या इमारतीला थंड तरी नाहीतर गरम तरी. गरम पाण्याची सोय नसेल तर तुमच्या भिंतीवरचा आकडा कितीही वर न्या, नुसता पंखा फिरत राहणार. अशा वेळी हाउसकीपिंगला सांगून तेलाचा हीटर आणि जादा दुलई मागवायची. हीटर मोजकेच असतात, म्हणून मी संध्याकाळी सहालाच सांगून ठेवते. रात्री अकराला मागितला तर “सगळे गेले” असं ऐकावं लागतं.

बाथरूमबद्दल लिहायला हवं, कारण आई-बाबांना त्र्यंबक आणि सप्तशृंगी गडासाठी घेऊन आले होते, तेव्हा पहिल्यांदा ती त्यांच्या नजरेने बघितली. काचेची भिंत, छतातून पडणारा शॉवर, गुळगुळीत फरशी, आणि बादली नाही. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्या शॉवरखाली ते धरणार कशाला? मी फोन केला तर बादली-मग आणि प्लॅस्टिकचं स्टूल पंधरा मिनिटांत आलं, सोबत न घसरणारी रबरी मॅटही. ते घेऊन आलेले दादा सुरगाण्याचे. त्यांनी न सांगता नळ उघडून गरम पाणी किती वेळाने येतं ते बघितलं, आणि बाबांना म्हणाले, “काका, आधी डावीकडचा सोडा, दोन मिनिटं वाहू द्या, मग बसा.” दुसऱ्या दिवशी पहाटे त्र्यंबकला निघायचं होतं, तर पाचला किटलीत पाणी आणि दुधाचा साधा चहाही त्यांनीच पोचवला. आईला ती दोऱ्याची पुडी बुडवायचा चहा चालत नाही. माझ्या मते इतके पैसे घेणाऱ्या हॉटेलची परीक्षा इथे होते, आणि इथे ते पूर्ण उतरले. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी बुकिंग करतानाच धरायला दांडी असलेली बाथरूम मागावी. मोठ्या हॉटेलात अपंगांसाठी म्हणून तशी एखादी खोली असते, पण आपण बोलल्याशिवाय ती कुणी पुढे करत नाही.

नाश्ता भरपूर असतो. पोहे, उपमा, डोसा, अंड्यांचा काउंटर, फळं. मिसळ असते, पण सगळ्या पाहुण्यांना झेपेल अशी बेताची, रस्सा वेगळा मागून घ्यावा लागतो. नाशिकची मिसळ खायची तर बाहेरच जावं. आपली शिफ्ट सातची असेल आणि नाश्ता सातलाच सुरू होत असेल, तर आदल्या रात्री डबा बांधून मागावा. नाश्ता धरून दर असेल तर तो बहुतेक ठिकाणी देतात.

बिलावर मात्र मी मनापासून वेळ घालवते, आणि तुम्हीही घालवा. 22 सप्टेंबर 2025 पासून रात्रीचं भाडं 7,500 रुपयांपर्यंत असेल तर खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर गेलं की 18 टक्के. म्हणजे 7,500 ची खोली करासह 7,875 ला पडते आणि 7,600 ची 8,968 ला. शंभर रुपयांच्या फरकाला जवळजवळ अकराशे रुपये. हा कर प्रत्यक्ष आकारलेल्या भाड्यावर लागतो, त्यामुळे दर या सीमेच्या जरा वर दिसत असेल तर फोन करून कमी करायला सांगण्यात काही गैर नाही. नाश्ता धरून आणि न धरता असे दोन्ही दर मागवा. जेवणाचंही तसंच. ज्या हॉटेलात आधीच्या आर्थिक वर्षात एखादी खोली 7,500 च्या वर गेली असेल, तिथल्या रेस्टॉरंटच्या बिलावर 18 टक्के लागतो, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटात 5 टक्के. हा नियम एप्रिल 2025 पासूनचा. कंपनीच्या नावाने बिल हवं असेल तर जीएसटी क्रमांक चेक-इनलाच द्या. आणि कंपनीची नोंदणी महाराष्ट्रात नसेल तर इथल्या खोलीवरच्या कराचं क्रेडिट (म्हणजे तो आपल्या देय करातून वजा करण्याची सोय) मिळत नाही, कारण हॉटेलच्या बाबतीत इमारत जिथे आहे तिथलाच कर लागतो.

सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला दिसला तर काढायला सांगा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच तो सक्तीने लावायला मनाई केली, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. एका ठिकाणी माझ्या जेवणाच्या बिलात तो होता. मी बोट ठेवलं, त्यांनी निमूट नवं बिल काढलं. नाही ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 आहेच. बक्षिसी मी वेगळी देते, आणि ती ज्याने काम केलं त्याच्या हातात.

चेक-इनला कार्डावर अनामत रक्कम अडकवून ठेवतात, ती चेक-आउटनंतर सुटायला काही दिवस लागतात. घरखर्चाचं डेबिट कार्ड तिथे देऊ नका. खोली दुपारी दोनला मिळते आणि बाराला सोडायची असते. सकाळी वंदे भारतने नाशिकरोडला उतरणाऱ्यांनी लवकर खोली मिळेल का ते आदल्या दिवशी विचारावं, नाही मिळाली तरी सामान ठेवून हातपाय धुवायची सोय करून देतात.

एकटीने राहणाऱ्या बायकांसाठी दोन शब्द. रिसेप्शनवर खोलीचा क्रमांक मोठ्याने उच्चारला तर मी लगेच दुसरी खोली मागते. क्रमांक चावीच्या पाकिटावर लिहून हातात द्यायचा असतो आणि चांगल्या हॉटेलात तसंच शिकवलेलं असतं. आत गेल्यावर दाराची आतली कडी आणि शेजारच्या खोलीत उघडणारं दार असेल तर त्याचं कुलूप बघते. रात्री कुणी “मेन्टेनन्स” म्हणून आलं आणि मी बोलावलेलं नसेल, तर दार न उघडता आधी खाली फोन. हे करताना एकदाही कुणी तोंड वाकडं केलं नाही, उलट ड्युटीवरच्या ताईंनी मला लिफ्टपासून फार आत नसलेली खोली कायमची नोंदवून ठेवली.

शहर दाखवण्याच्या बाबतीत हॉटेलचं माहितीपत्रक द्राक्षमळे आणि वायनरीपलीकडे जात नाही, याचं मला वाईट वाटतं. सामान उचलणाऱ्या मुलाशी बोला. रंगपंचमीला जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनच्या रहाडी उघडतात, रंगाच्या त्या हौदात लोक उड्या घेतात, हे मला त्यानेच सांगितलं, आणि गाडी कुठे लावून तिवंधा चौकापर्यंत चालत कसं जायचं तेही.

दरांचं गणित वाराप्रमाणे बदलतं. कामाचं हॉटेल असलं तरी शनिवार-रविवारी मुंबईची गर्दी येते, द्राक्षांच्या हंगामात आणि जोडून सुट्ट्यांना दर चढतात, श्रावणी सोमवारच्या आदल्या रात्री खोली मिळणं अवघड होतं. मंगळवार-बुधवारी तीच खोली बरीच स्वस्त असते. 2027 च्या सिंहस्थाचं बुकिंग करणाऱ्यांनी मात्र फक्त दर विचारून थांबू नये. पर्वणीच्या दिवसांत रस्ते बंद होतात, तेव्हा आपली गाडी हॉटेलच्या दारापर्यंत येऊ देतील का, किमान किती रात्रींचं बुकिंग सक्तीचं आहे, आणि रद्द केलं तर किती पैसे परत, ही तिन्ही उत्तरं ई-मेलवर लेखी घ्या, आणि मगच आगाऊ रक्कम भरा.